मदत हवी आहे : झिजलेले, मोडलेले दात पूर्ण नव्याने करून घ्यायचे आहेत, पण दोन डॉक्टरांची दोन मते (कोल्हापूर)

शिरोलीवाला
नमस्कार. माझे वरचे पुढचे चार दात झिजून निम्मेच उरले आहेत, डावीकडच्या खालच्या तीन दाढा काढून बरीच वर्षे झाली आणि उजवीकडच्या एका दाढेवरची कॅप दोन वर्षांत दोनदा गेली. कोल्हापुरातच दोन ठिकाणी दाखवले. पहिल्या ठिकाणी सांगितले की उरलेले सगळे दात काढून आठवडाभरात इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या धातूच्या स्क्रूंवर, पक्के दात बसवून देतो. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की बहुतेक दात वाचतील, पण आठ-नऊ महिने लागतील. खर्च दोन्हीकडे पाच लाखांच्या घरात आहे. मुलीचे लग्न मार्गशीर्षात आहे आणि साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत मी एकटाच तोंड मिटून उभा आहे. कोणते करावे एवढेच सांगावे. गोड कमी खा वगैरे सल्ले कृपया नकोत.

रंकाळ्याचा वारा
तुमचे वय काय, मधुमेह आहे का, एकूण दात किती उरले आहेत आणि ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला आहे का? शिवाय 'कॅप गेली' म्हणजे नेमके काय झाले? सिमेंट सुटले, वरची चिनी माती उडाली की आतला दातच मोडला? तिन्हींची कारणे वेगळी असतात.

गुऱ्हाळ
मी २०१९ मध्ये दोन इम्प्लांट बसवले. आज त्या बाजूने ऊस सोलून खातो. कुजके दात सांभाळत बसण्यापेक्षा एकदाच सगळे काढून मोकळे व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसा तेवढाच जाणार असेल तर नऊ महिने खेटे का घालायचे?

मास्तरीणबाई
गुऱ्हाळ, तुमच्या दोन इम्प्लांटना शेजारच्या सव्वीस-सत्तावीस दातांचा आधार आहे. धागाकर्त्यांना मात्र सगळेच दात काढायला सांगितले आहे. या दोन गोष्टी एका मापाने कशा मोजता? आमच्या यजमानांनी दहा वर्षांपूर्वी असेच 'मोकळे' होऊन घेतले. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, हे त्यांना कवळी सैल पडू लागल्यावर कळले.

गुऱ्हाळ
कवळी वेगळी आणि इम्प्लांट वेगळे, बाई. इम्प्लांटभोवती हाड टिकते.

शिरोलीवाला
माझा प्रश्न साधा होता. तरीही सांगतो. वय ५२. ओपीजी काढला आहे. साखर आहे, पण गोळी चालू आहे. पहिल्यांदा कॅपवरची चिनी माती उडाली, दुसऱ्यांदा कॅप दाताच्या तुकड्यासकट भाकरीबरोबर हातात आली. आता उत्तर मिळेल का?

दाढदुखी (दंतवैद्य, गडहिंग्लज)
तोंड न तपासता अंतिम मत देता येत नाही, परंतु दोन्ही ठिकाणी एक प्रश्न तुम्हाला विचारला गेला की नाही, हे जाणून घ्यायचे आहे : दात झिजले कशाने? ५२ व्या वर्षी पुढचे दात निम्मे होणे हे नुसते वयाचे काम नाही. आरशासमोर उभे राहून वरच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू पाहा. ती चमच्यासारखी खोलगट, गुळगुळीत आणि पिवळसर झाली असेल तर पोटातले आम्ल तोंडापर्यंत येत असण्याची शक्यता मोठी आहे. त्याऐवजी वरच्या आणि खालच्या दातांच्या कडा एकमेकांवर घासून सपाट झाल्या असतील, तर झोपेत दात खाण्याची सवय असू शकते. उडालेली चिनी माती आणि तुकड्यासकट निघालेली कॅप मला त्याच दिशेने नेतात. कारण तसेच ठेवून इम्प्लांट बसवले, तर तोच दाब आता इम्प्लांटवर आणि त्यांच्या स्क्रूंवर येईल. नैसर्गिक दाताभोवती दाब जाणवून देणारा पातळ पडदा असतो. इम्प्लांट थेट हाडाला जखडलेले असल्यामुळे तिथे ती सूचनाही मिळत नाही.

तीळतेल
रोज सकाळी तिळाच्या तेलाचा गंडूष करावा, म्हणजे तेल तोंडात भरून काही वेळ धरून ठेवावे. माझे दात साठीतही पांढरेशुभ्र आहेत.

मास्तरीणबाई
त्यांनी दात पांढरे कसे करावेत असे विचारलेलेच नाही. अर्धा दात तेलाने वाढत नाही.

बिंदू चौक
एक व्यावहारिक सूचना. आरोग्य विम्याच्या बहुतेक योजनांमध्ये अपघात वगळता दातांच्या उपचारांचा खर्च मिळत नाही. त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. वेळ काढता येत असेल, तर वारणेकडे नवे पारगावला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी खर्च कमी येतो, मात्र फेऱ्या जास्त होतात आणि एकेका भेटीत अर्धा दिवस जातो.

शिरोलीवाला
विम्याचे मी विचारले नव्हते. दाढदुखी सर, बॅटरी घेऊन पाहिले. आतली बाजू तुम्ही म्हणता तशी खोलगट आहे आणि कडा नखाएवढ्या पातळ झाल्या आहेत. आम्लपित्ताची गोळी सहा-सात वर्षे अधूनमधून घेतो. रात्रपाळी करून आलो की झोपेत दात खातो, असे बायको म्हणते; मी ते थट्टेवारी नेत होतो. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, मागच्या वेळी ८.४ होते. आणि सकाळी मिश्री लावतो. कोणी विचारले नाही म्हणून सांगितले नाही.

रंकाळ्याचा वारा
पहिल्याच प्रतिसादात विचारले होते. असो.

दाढदुखी
आता चित्र पुष्कळ स्पष्ट झाले. इम्प्लांट वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. स्वीडनमध्ये ब्रेनमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, तेव्हापासून हा उपचार उत्तम रुजला आहे. आठवडाभरात पक्के दात देण्याची पद्धतही निवडक रुग्णांत वापरली जाते. परंतु अनियंत्रित साखर, रोजची मिश्री आणि झोपेत दात खाणे या तिन्ही गोष्टी एकत्र असलेल्या माणसाचे वाचण्यासारखे दात काढून हा प्रयोग करायला मी धजावणार नाही. काढलेला दात परत लावता येत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांना नऊ महिने का लागतात, तेही समजून घ्या. दात झिजल्यामुळे वरच्या आणि खालच्या जबड्यांतली उंची कमी झालेली असू शकते. ओठांच्या कोपऱ्यात वारंवार चिरा पडतात का, ते पाहा. शिवाय डावीकडे खाली दाढाच नसल्याने समोरच्या वरच्या दाढा त्या रिकाम्या जागेत उतरल्या असतील. म्हणून आधी साखर, आम्लपित्त आणि हिरड्या ताब्यात आणायच्या, मग मापे घेऊन मेणात नवे दात घडवायचे आणि त्यांवरून तात्पुरते दात बसवून वाढवलेली उंची जबड्याच्या सांध्याला व स्नायूंना मानवते का, हे काही आठवडे पाहायचे. कायमच्या कॅप त्यानंतर. डावीकडच्या रिकाम्या जागेत इम्प्लांट बसवायचे असतील, तर त्यांना हाडात रुजायला तीन-चार महिने वेगळे द्यावे लागतात. शेवटी रात्री घालायचा नाइट गार्ड मिळेल आणि तो कायम वापरावा लागेल.

लग्नासाठी घाबरू नका. तात्पुरते दात नीट केले असतील तर फोटोत ते कोणाला ओळखू येत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांना एवढेच विचारा की मार्गशीर्षापूर्वी तात्पुरत्या दातांपर्यंत पोहोचता येईल का. आणि ते प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दातांचे तज्ज्ञ (एमडीएस), आहेत का, किंवा कोणाला सोबत घेणार आहेत का.

गुऱ्हाळ
दोन्ही डॉक्टरांकडे न जाता तिसऱ्याकडे जावे. माझ्या डॉक्टरांचा नंबर व्यक्तिगत निरोपातून देतो.

शिरोलीवाला (सात आठवड्यांनंतर)
ज्यांनी प्रतिसाद दिले त्यांचे आभार. गोळी बदलून साखर उतरते आहे. मिश्री दोनदा सुटली आणि दोनदा लागली. सध्या सुटलेली आहे. दुसऱ्याच डॉक्टरांकडे उपचार घेत असून काल वरचे तात्पुरते दात बसले. लांबी ठरवताना त्यांनी मला साठ, एकसष्ट, बासष्ट असे सहासष्टपर्यंत मोठ्याने मोजायला लावले, मग 'फणस', 'वाफ' म्हणायला लावले आणि दर वेळी ओठाशी वाकून पाहत दाताची कड कणभर घासली. सहासष्ट म्हणताना आधी शिट्टी वाजत होती, ती थांबली. घरी आल्यावर मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पप्पा, परत एकदा मोजून दाखवा."

एक शेवटची शंका आहे. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटला. रविवारी घरी तांबडा रस्सा असतो. हळदीने आणि तिखटाच्या तेलाने हे दात रंगतील का?

दाढदुखी
तात्पुरत्या दातांचे साहित्य रंग धरते, त्यामुळे थोडे पिवळे पडतील. जेवल्यावर लगेच चूळ भरा आणि लग्नाच्या आठवड्यात पॉलिश करून घ्या. रस्सा खुशाल प्या, पण नळी चावू नका.