पहिलं विणकाम जाड सुयांवर
सुट्टीत मुलं हौसेने विणायला बसतात आणि चार ओळींतच कंटाळतात, ही तक्रार अगदी खरी आहे. पण मला वाटतं, दोष बहुतेक वेळा सुया-लोकरीचा असतो. बारीक सुई आणि गडद लोकर दिली तर टाका दिसतच नाही. ५-६ मिलिमीटरच्या लाकडी किंवा बांबूच्या सुया द्या, धातूच्या सुयांवरून टाके लवकर घसरतात. लोकर जाड, गुळगुळीत, फिक्या रंगाची हवी.

वीसेक टाके मोठ्यांनीच घालून पहिल्या दोन ओळी विणून द्याव्यात, कारण सुरुवातच सगळ्यात किचकट असते. पुढे फक्त सुलट टाके. प्रत्येक ओळ सुलट विणली की विण सपाट राहते. एक ओळ सुलट, एक उलट केली तर कडा गुंडाळतात आणि मूल हिरमुसतं. ओळ संपली की टाके मोजायची सवय मात्र लावाच! जास्तीचा टाका बहुधा कडेलाच सापडतो, धागा सुईवरून मागे गेला की पहिल्या टाक्याचे दोन दिसतात.

घरात आजी-आजोबांना विणता येत असेल तर शिकवणं त्यांच्याकडेच सोपवा. तेवढा निवांतपणा आपल्यापाशी सुट्टीतही नसतो. आणि मफलरचा हट्ट नको, बाहुलीची शाल पुरे. ती सुट्टी संपायच्या आत पूर्ण होते.