युद्धात पाणबुडी बुडाली की आतलं कुणीच वाचत नाही का?

विदुला_७:
मागच्या महिन्यात विशाखापट्टणमला गेले होते, तिथे आरके बीचवर कुरसुरा पाणबुडी म्युझियम म्हणून ठेवलीये. आत त्या बोळकांडीतून आडवंतिडवं होत चालताना पाच मिनिटांत जीव घाबरा झाला, आणि माणसं त्यात आठवडेच्या आठवडे राहायची! तेव्हापासून पाकिस्तानची गाझी पाणबुडी डोक्यातून जात नाहीये. ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री याच किनाऱ्यासमोर बुडाली, नव्वदच्या वर माणसं, एकही वाचला नाही. शत्रूची असली तरी माणसंच ना. सुटकेची काही सोय नसते का?

दर्यावर्दी:
असते हो ताई, पण गाझीत स्फोटच झाला (आपण म्हणतो आपल्या राजपूत युद्धनौकेच्या डेप्थ चार्जमुळे, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बमुळे, पाकिस्तान म्हणतं अपघात), तिथे वेळच मिळाला नसणार. वेळ मिळाला तरी काय होतं ते अमेरिकेच्या टँग पाणबुडीचं बघा. ऑक्टोबर १९४४, तैवानजवळ तिचा शेवटचा टॉर्पेडो गोल फिरून तिच्यावरच आदळला, तळाला गेली ५५ मीटरवर. जिवंत होते ते पुढच्या खोलीत जमले, शेजारी आग लागलेली, सगळीकडे धूर. छोट्या कप्प्यात शिरायचं, पाणी आत घेऊन दाब सारखा करायचा, मग झाकण उघडून श्वासाची पिशवी लावून वर. असे १३ जण निघाले आणि त्यातले ५ च वाचले. वरून पाण्यात पडलेले धरून ८७ पैकी फक्त ९, आणि तेही जपान्यांच्या कैदेत.

समीर_खारेपाटण:
युद्धात शोधायलाच कुणी येत नाही हो, खरा फरक तिथे पडतो. १९३९ मध्ये स्क्वेलस ही अमेरिकन पाणबुडी चाचणीत ७३ मीटरवर बुडाली, मागच्या भागातले २६ गेले, पण स्कल्पिन या तिच्याच जातीच्या पाणबुडीला तिने वर सोडलेला बोया (खुणेचा तरंगता पिंप) दिसला आणि लोखंडी घंटेसारख्या कुपीतून ३३ जणांना वर काढलं. स्क्वेलस दुरुस्त करून सेलफिश नावाने युद्धात उतरवली. नोव्हेंबर १९४३ ला स्कल्पिन बुडाली, ४१ जण जपान्यांच्या हाती लागले. त्यातल्या २१ जणांना एका विमानवाहू जहाजातून जपानला नेत होते आणि ४ डिसेंबरला ते जहाज बुडवलं कुणी, तर सेलफिशने. २१ पैकी एकच वाचला.