आई-बाबा युरोपला निघालेत: डेबिट कार्ड कोणतं द्यायचं आणि ते जपून कसं वापरायचं?

नाशिकची_लेक
आई-बाबा (वय ६४ आणि ६८) मे महिन्यात १२ दिवस म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना आणि प्रागला जाताहेत. टूर कंपनी नाही, दोघंच. सरकारी बँकेत संयुक्त खातं आहे, पेन्शन तिथेच जमा होते, त्याच खात्याचं साधं रुपे कार्ड आहे. क्रेडिट कार्ड त्यांना नको आहे. हे कार्ड तिथे चालेल का? नसेल तर काय करायचं? आणि कार्डाचा गैरवापर झाला तर पुढे काय, हे सविस्तर सांगाल का?

हिशेबनीस
साधं, देशांतर्गत रुपे तिथे चालणार नाही. रुपेचं आंतरराष्ट्रीय कार्ड मिळतं, पण ते परदेशात डिस्कव्हर आणि डायनर्स या कार्ड कंपन्यांच्या जाळ्यावर चालतं. युरोपातल्या छोट्या दुकानांत ती चिन्हं क्वचित दिसतात. शाखेत जाऊन व्हिसा किंवा मास्टरकार्ड मागा. दोघांच्या नावे वेगवेगळी कार्डं घ्या, जमल्यास एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड. एक हरवलं किंवा यंत्राने गिळलं तरी दुसरं हाताशी राहतं.

माझा खरा आग्रह मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. पेन्शनच्या खात्याला हे कार्ड जोडूच नका. डेबिट कार्ड म्हणजे थेट खात्यातले पैसे. त्या खात्याला ऑटो स्वीप असेल तर शिल्लक संपल्यावर एफडी मोडून पैसे जातात. एक वेगळं बचत खातं उघडा, कार्ड त्याचं घ्या, स्वीप नको म्हणून सांगा आणि त्यात तीन-चार दिवसांच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. बाकीचे तुम्ही इथून लागतील तसे टाकत राहा. कार्ड चोरीला गेलं तरी नुकसान तेवढ्यावरच थांबेल.

कार्ड महिनाभर आधी मागवा. आल्यावर पिन तयार करा आणि इथल्याच एटीएममध्ये एकदा पैसे काढून बघा. मग बँकेच्या ॲपमध्ये जा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांसाठी सुरू असतं, परदेशी वापर आपल्याला चालू करावा लागतो. तिथे एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टॅप (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं) अशी वेगवेगळी बटणं असतात. परदेशी एटीएम आणि दुकान चालू करा, ऑनलाइन बंद ठेवा. बऱ्याच परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी विचारतच नाहीत, कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. रोजची मर्यादाही तिथेच कमी करून ठेवा.

प्रवासी_ठाणे
टॅपसुद्धा बंद ठेवा. गर्दीत कोणी मशीन खिशाला लावलं तर?

व्हिएन्नाकर
टॅप बंद करू नका. प्रागच्या ट्राममधली तिकिटाची यंत्रं टॅपवरच चालतात, कार्ड खुपसायला त्यांत जागाच नाही. युरोपात साधारण ५० युरोपर्यंत टॅपला पिन लागत नाही, म्हणून टॅपची मर्यादा खाली आणा आणि कार्ड आतल्या खिशात ठेवा.

रोख काढताना खिसा कसा हलका होतो तेही सांगतो. समजा युरो १०० रुपयांना आहे, आपल्या बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप (चलन बदलण्यासाठी दरावर लावलेली जादा आकारणी) ३.५ टक्के आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी, परदेशी एटीएमची फी १२५ रुपये अधिक जीएसटी, आणि तिथल्या यंत्राचे ५ युरो. ५० युरो काढले तर वरखर्च साधारण ८७५ रुपये, म्हणजे साडेसतरा टक्के. तेच एकदम २०० युरो काढले तर साधारण १,४९५ रुपये, म्हणजे साडेसात टक्के. दुकानात कार्डाने दिले तर फक्त मार्कअप आणि जीएसटी, सव्वाचार टक्क्यांच्या आत. म्हणून रोख कमी वेळा आणि मोठ्या रकमेत काढायची. पण काढावी लागतेच. जर्मनीत अजूनही काही बेकऱ्या आणि छोटी उपाहारगृहं फक्त रोख घेतात किंवा त्यांचं देशी गिरोकार्डच घेतात. आपल्या बँकेचे दर तिच्या शुल्कपत्रकात बघून हाच हिशेब मांडा.

पर्यटकांच्या गल्लीत दुकानाच्या भिंतीत बसवलेली, बँकेचं नाव नसलेली यंत्रं टाळा. जर्मनीत श्पारकासे, ऑस्ट्रियात एर्स्टे, प्रागमध्ये चेस्का स्पोर्जितेल्ना अशा बँकांच्या शाखेतलं एटीएम वापरा, तेही शाखा उघडी असताना. कार्ड अडकलं तर आत माणूस असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रक्कम टाकल्यावर पडद्यावर रुपयांतला आकडा येतो आणि खाली दोन बटणं: ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’ आणि ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’. डिक्लाइन दाबलं की व्यवहारच रद्द होईल, असं वाटून लोक ॲक्सेप्ट दाबतात. तसं होत नाही. डिक्लाइन दाबल्यावर पैसे तिथल्या चलनातच निघतात आणि दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो. ॲक्सेप्ट दाबलं तर दर यंत्रवाला ठरवतो आणि तो बराच चढा असतो. जर्मन पडदा आला तर ‘ओने उमरेखनुंग’ म्हणजे रूपांतराशिवाय. आई-बाबांना हे एवढं कागदावर लिहून द्या. दुकानातल्या मशीनवरही रुपये की तिथलं चलन विचारतात, तिथलं चलनच निवडायचं. विक्रेत्याने न विचारता रुपये दाबले आणि पावतीवर रुपये दिसले, तर तिथेच व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. बाहेर पडल्यावर काही होत नाही.

नाशिकची_लेक
फार उपयोगी पडलं, मनापासून आभार. हॉटेलात कार्ड मागतात म्हणे. आणि फोनचं काय करायचं?

हिशेबनीस
हॉटेलात अनामत म्हणून रक्कम अडवतात. डेबिट कार्डावर ती खऱ्या शिल्लकीतून अडते आणि सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. म्हणून हॉटेलांचे पैसे आधीच भरून ठेवा आणि अनामत रोख देता येईल का ते ईमेलने विचारा.

भारतीय सिम फोनमधून काढायचं नाही. बऱ्याच बँकांची ॲप त्या सिमला बांधलेली असतात, सिम काढलं की ॲप बंद. तिथल्या डेटासाठी ई-सिम (फोनमध्ये कार्ड न घालता सुरू होणारं सिम) घ्या, भारतीय सिमवर फक्त रोमिंग सुरू ठेवा आणि त्याचा डेटा बंद. निघण्यापूर्वी बँकेचा +९१ ने सुरू होणारा मदत क्रमांक लिहून घ्या, १८०० वाले टोल-फ्री क्रमांक परदेशातून सहसा लागत नाहीत.

न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला तर आधी ॲपमधून कार्ड बंद करायचं, मग फोन, मग लेखी तक्रार. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवायची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकरणात मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीही येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत भुर्दंड, त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार. पण पिन कार्डाच्या पाकिटात लिहून ठेवला असेल तर तो निष्काळजीपणा धरतात आणि कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

पैसे कापले गेले पण यंत्रातून आले नाहीत, तर पावती किंवा पडद्याचा फोटो, यंत्राचा नंबर आणि स्थानिक वेळ घेऊन आपल्याच बँकेकडे तक्रार करायची. रक्कम परत करायला भारतात जी पाच दिवसांची मुदत आहे, ती परदेशी एटीएमला लागू नाही, तिथे जास्त वेळ लागतो.

व्हिएन्नाकर
एक राहिलं. प्रागमध्ये युरो नाही, कोरुना चालतो. रस्त्यावरच्या चलन बदलून देणाऱ्या खिडकीत युरो बदलून फसगत झालीच, तर चेक कायद्यानुसार १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत त्याच खिडकीत रद्द करता येतो. २०१९ पासून ही सोय आहे. त्यासाठी पावती लागते, ती टाकून देऊ नका म्हणावं.