मदत हवी आहे: बीबीसी मायक्रोला डिस्क जोडली की मोड २ चा प्रोग्रॅम मेमरीत मावत नाही

१९८४ च्या 'क्लास' या शाळांमधल्या संगणक-साक्षरता योजनेत आमच्या शाळेला बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक मिळाले होते. त्यातला एक मॉडेल बी अजून छान चालतो. विज्ञानाच्या सरांनी तेव्हा बेसिकमध्ये लिहिलेला एक प्रोग्रॅम कॅसेटवरून वाचवता आला, याचा मला फार आनंद आहे. लाल आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा, लाल-निळा मिळून मॅजेंटा, तिन्ही मिळून पांढरा, असं पडद्यावर दिसतं. मोड २ मध्ये (मोड म्हणजे पडद्यावर किती ठिपके आणि किती रंग दिसतील याची पद्धत) बरोबर हेच आठ रंग आहेत, त्यामुळे दुसरा मोड चालणारच नाही.

कॅसेट फार काळ टिकणार नाही म्हणून प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेतला. आता डिस्कवरून चालवला की लगेच 'बॅड मोड' एरर येते, म्हणजे त्या मोडच्या पडद्याला मेमरी पुरत नाही.

हिशेब असा: रॅम ३२ किलोबाइट. त्यातले २० मोड २ च्या पडद्याला जातात, उरतात १२,२८८ बाइट. खालचे ३,५८४ सिस्टिमचे. म्हणजे कॅसेटवर प्रोग्रॅमला ८,७०४ बाइट मिळायचे. पण डिस्क फायलिंग सिस्टिम स्वतःसाठी आणखी २,८१६ घेते, पेज (मेमरीत प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तो पत्ता) ६,४०० वर सरकतं आणि हातात राहतात फक्त ५,८८८. सरांचा प्रोग्रॅम साधारण ७,२०० चा आहे. मोड ५ ला पडदा १० किलोबाइटचा, ठिपके तेवढेच, पण रंग चारच. मग धड्यात राहिलं काय?

प्रोग्रॅम खाली सरकवून टेप सिस्टिमवर जाता येतं हे माहीत आहे. अडचण अशी की शेवटी तो मुलांसाठी प्रश्नांची फाइल वाचतो आणि ती आता डिस्कवर आहे. मास्टर १२८ या नंतरच्या मॉडेलवर डिस्क असूनही पेज ३,५८४ लाच राहतं, पण मला हा शाळेचाच संगणक वापरायचा आहे. काय करावं?

प्रतिसाद:
प्रोग्रॅम चालू असताना डिस्कवर परत जाऊ नका. ती सिस्टिम आपली २,८१६ बाइटची जागा पुन्हा वापरू लागते आणि नेमका तिथेच तुमचा प्रोग्रॅम बसलेला असतो.

त्यापेक्षा प्रश्नांचा भाग वेगळा काढून मोड ७ मध्ये लिहा, त्याचा पडदा एकाच किलोबाइटचा असतो. मग एफ० कळीत तीन आज्ञा ओळीने भरून ठेवा: डिस्क, पेज पुन्हा ६,४००, आणि दुसरा प्रोग्रॅम 'चेन' (म्हणजे डिस्कवरून आणून लगेच चालवणं). कळींचा मजकूर मेमरीत २,८१६ या पत्त्यापासूनच्या जागेत, म्हणजे ३,५८४ च्या खाली राहतो, त्यामुळे तो पुसला जात नाही. रंगांचा धडा संपला की मुलांनी ती कळ दाबायची. सरांच्या रंगांच्या कोडला हातही लागत नाही.

फाइल हजारेक बाइटच्या आत असेल तर याचीही गरज नाही. प्रश्न प्रोग्रॅममधल्या 'डेटा' ओळींमध्येच घाला, पण व्हेरिएबल्सना थोडी जागा सोडा. फाइल केवढी आहे?