मदत हवी आहे: गाळातले जिवाणू मोजताना सगळंच चमकतंय

गाळकरी: गाळाला डॅपी (डीएनएला चिकटून सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारा रंग) लावून फिल्टरवर घेतलं. नुसता पिवळट झगमगाट, पेशी ओळखू येत नाहीत. एकाच बाटलीतल्या दोन फिल्टरांचे आकडे तिप्पट वेगळे. उद्या आकडे द्यायचेत, लवकर सांगा.

सूक्ष्मजीवी: फिल्टर कुठला? किती पातळ केलंत? वाळू की चिकणमाती?

गाळकरी: काळा पॉलिकार्बोनेट, ०.२ मायक्रॉन. चिकणमाती. दहापट पातळ.

सूक्ष्मजीवी: दहापटीत कसं दिसणार! गाळाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १० कोटी ते १००० कोटी पेशी असतात. हजारपटीपासून सुरुवात करा. डीएनएला बसलेला डॅपी निळा दिसतो, मातीच्या कणांना चिकटलेला पिवळट. पिवळं मोजू नका.

नारिंगी: डॅपी सोडा, ॲक्रिडिन ऑरेंज हा रंग घ्या. पेशी झळझळीत दिसतात.

सूक्ष्मजीवी: कुजका कचराही तितकाच झळझळतो. चिकणमातीत तर नकोच.

हिरवाई: सायबर ग्रीन वन हा रंग जास्त उजळ. फक्त लवकर विझतो, अँटिफेड (चमक टिकवणारं द्रव्य) घालावं लागतं.

जिवंतमृत: प्रोपिडियम आयोडाइड वापरा, मेलेल्या पेशी वेगळ्या कळतील.

सूक्ष्मजीवी: ते विचारलंय कुणी? शिवाय टिकवण्यासाठी फॉर्मल्डिहाइड घातलेल्या नमुन्यात ते निरुपयोगी, सगळ्याच पेशी रंगतात. घातलंय ना, गाळकरी?

गाळकरी: हो, २ टक्के. पण आकडे वेगळे का येतात?

तळठाव: पेशी कणांना चिकटून गठ्ठ्याने येतात म्हणून. त्या सुटाव्यात म्हणून १० मिलिमोलर सोडियम पायरोफॉस्फेटमध्ये अर्धा तास ठेवा, मग बर्फात बाटली धरून थांबत थांबत सोनिकेट करा (अल्ट्रासाउंड लहरींनी हलवा). सलग केलंत तर तापून पेशी फुटतात. जाड वाळू मिनिटभरच बसू द्या. जास्त थांबलात तर कणांबरोबर पेशीही तळाला जातील. फनेलमध्ये निदान २ मिली द्रव हवा, खाली ०.४५ मायक्रॉनचा आधार-फिल्टर, निर्वात हलका. थेंबभर द्रव ओतला की पेशी एकाच कोपऱ्यात गोळा होतात. आणि बफर, रंग सगळं ०.२ मायक्रॉनमधून गाळलेलं हवं. नुसत्या बफरचा एक कोरा फिल्टर मोजाच.

गाळकरी: सोनिकेटर नाही. व्हॉर्टेक्स (नळी गरगर हलवणारं यंत्र) चालेल?

तळठाव: वाळूला कदाचित. चिकणमातीत आकडा कमी येईल, अहवालात तसं लिहा. सूक्ष्मदर्शकातली निदान २० दृश्यक्षेत्रं, मिळून ४०० पेशी मोजा.

गाळकरी: फिल्टरचं क्षेत्रफळ २५ मिमी व्यासावरून काढलंय.

सूक्ष्मजीवी: तिथेही आकडा फुगतोय. फनेलचा आतला व्यास घ्या, द्रव तेवढ्यातूनच जातो. आणि नेत्रिकेतल्या जाळीचा चौकोन त्याच ऑब्जेक्टिव्हवर स्टेज मायक्रोमीटरने (सूक्ष्म मोजपट्टी कोरलेल्या काचपट्टीने) मोजा.