पहिली मोटारसायकल कशी निवडलीत? (अनुभव धागा)

निवेदन

गुढीपाडवा जवळ आला की घरोघरी गाडी घेण्याचे बेत सुरू होतात, आणि ज्याला आयुष्यातली पहिली मोटारसायकल घ्यायची असते त्याच्याभोवती सल्लागारांची गर्दी जमते. मामा अ‍ॅव्हरेज बघायला सांगतात, मित्र पिकअप बघायला सांगतो, आणि शोरूममधला विक्रेता महिन्याचा हप्ता कसा हलका बसेल ते समजावतो. चालवणाऱ्याची उंची किती, त्याचा रोजचा रस्ता कोणता, गाडी रात्री उभी कुठे राहणार आणि अडली तर तिला हात कोण लावणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. नवशिके असताना, किंवा घरातल्या नवशिक्यासाठी, आपण गाडी कशी निवडली आणि निवडताना पाहिलेल्यांपैकी कोणत्या गोष्टी पुढे खरोखर कामी आल्या, ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. अमुक कंपनी श्रेष्ठ की तमुक, हा वाद या धाग्यात नको.

नाशिक, बँकेत नोकरी

माझी उंची पाच फूट एक इंच आहे, आणि मला गिअरची मोटारसायकलच हवी होती. पहिल्या दोन्ही शोरूममध्ये ‘मॅडम, स्कूटी बघा ना’ हे वाक्य इतक्या प्रेमाने ऐकवले गेले की पुढच्या ठिकाणी मी दारातच ‘स्कूटर नको’ असे सांगून आत गेले.

माहितीपत्रकात सीटची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते, पण तेवढ्या आकड्यावर विसंबून चालत नाही. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिमी, त्यांच्याच हंटर ३५० ची ७९० आणि हिरोच्या स्प्लेंडर प्लसची ७८५ मिमी उंचीवर आहे. कागदावर हा फरक बोटभराचा दिसतो. प्रत्यक्षात सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे यावर पाय जमिनीला टेकतात की लोंबकळतात ते ठरते, कारण रुंद सीटवर मांड्या बाहेर फाकतात आणि पायाची पोच कमी होते. शिवाय वजनाचा प्रश्न वेगळाच. क्लासिक १९५ किलोची, हंटर १८१ किलोची आणि स्प्लेंडर ११२ किलोची. बजाजच्या अ‍ॅव्हेंजरची सीट ७३७ मिमीवर असल्यामुळे तिच्यावर मी अगदी आरामात बसले, परंतु ती लांबीला मोठी आहे आणि आमच्या वाड्याच्या बोळात तिला वळवून आत घेणे मला एकटीला झेपणारे नव्हते.

म्हणून मी प्रत्येक गाडीची परीक्षा तिच्यावर बसण्याआधी घेतली. मधल्या स्टँडवरून ती मला एकटीला उतरवता येते का, उतरवून पुन्हा चढवता येते का, आणि शोरूमच्या उतारावर तोंड खाली करून उभी असताना मागे ढकलता येते का, हे पाहिले. ही तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची, कारण मोटारसायकलला रिव्हर्स गिअर नसतो आणि आपल्याकडच्या पार्किंगमध्ये दर संध्याकाळी हाच प्रसंग येतो. अखेर मी शंभर सीसीची, हलकी गाडी घेतली. ती सिग्नलला मला दोन्ही तळवे टेकू देते, आणि शिकण्याच्या काळात क्लच सोडताना इंजिन बंद पडले तरी गाडी अंगावर कलंडेल ही धास्ती उरत नाही. साडी गार्ड काढून टाकल्यास गाडी देखणी दिसते, असा सल्ला मला अनेकांनी दिला. माझ्या मागे आई बसते, त्यामुळे गार्ड तिथेच आहे.

वाळूज, छत्रपती संभाजीनगर

मी पाळीने काम करतो, त्यामुळे गाडी रात्री बारा वाजता बंद पडली तर काय, हा माझा एकमेव निकष होता. गंगापूरच्या रस्त्यावरच्या कोणत्याही छोट्या गॅरेजमध्ये ज्या गाडीची क्लच वायर, प्लग आणि चेन-स्प्रॉकेट मिळेल ती गाडी चांगली, असे मी मानतो. स्प्लेंडर १९९४ पासून विकली जात असल्याने तिचे इंजिन उघडलेला नाही असा मिस्तरी या भागात सापडणे अवघड आहे. दुसरी गोष्ट ट्यूबलेस टायरची. खिळा रुतला तरी त्यातली हवा हळूहळू उतरते आणि बहुधा पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचता येते. ट्यूबच्या टायरला मात्र जागच्या जागी बसावे लागते. नव्या चालकाला कमी अधिक सीसीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

चिपळूण, शिक्षक

घाटावरची मंडळी वजन आणि दुरुस्तीविषयी लिहीत आहेत, पण कोकणात पहिली गाडी निवडताना विचाराची सुरुवात ब्रेकपासून करावी लागते. जूनमध्ये जांभ्याची माती डांबरावर वाहून येते. चिखलणी सुरू झाली की शेतातून रस्त्यावर चढणारे पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर मागे चिखलाचे पट्टे सोडत जातात. आणि भातकापणीनंतर त्याच रस्त्यावर पेंढा पसरलेला असतो. यांपैकी कोणत्याही जागी पुढचा ब्रेक घाबरून कचकन दाबला तर चाक फिरायचे थांबते, आणि फिरायचे थांबलेले चाक हँडलचे ऐकत नाही. नवशिका चालक घाबरतोच, तेव्हा ‘ब्रेक हळू दाब’ हा सल्ला योग्य असला तरी पुरेसा नाही.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या इंजिनाच्या प्रत्येक नव्या मोटारसायकलला एबीएस सक्तीचे झाले आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस द्यावे लागते. हे दोन्ही एकच आहे असे अनेक जण समजतात. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की त्याचा काही भार पुढच्या चाकावरही जातो, म्हणजे केवळ मागचा ब्रेक वापरण्याची सवय असणाऱ्याची गाडी थोडी लवकर थांबते. चाक अडकण्यापासून ते वाचवत नाही. एबीएस मात्र चाकाचा वेग मोजत राहते आणि चाक अडकू लागताच ब्रेकचा दाब क्षणार्धात सोडते व पुन्हा देते. सिंगल चॅनेल असेल तर ही सोय फक्त पुढच्या चाकाला असते आणि ड्युअल चॅनेल असेल तर दोन्ही चाकांना. शोरूममध्ये हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा, कारण टाकीवरच्या स्टिकरवर नुसते ‘एबीएस’ असे लिहिलेले असू शकते. सुट्या खडीवर एबीएसने थांबण्याचे अंतर कमी होतेच असे नाही, हेही शिकणाऱ्याला सांगून ठेवावे.

मला कुंभार्ली घाटातून कराडला वरचेवर जावे लागते. त्यासाठी १६० सीसीच्या वर्गातली, एबीएस असलेली गाडी मी घेतली. चढणीला मागे माणूस असताना तिसऱ्या गिअरवर ती दम टाकत नाही, हा एक फायदा. उतरताना त्याच तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरवर इंजिनच वेग आवरून धरते आणि ब्रेक तापत नाहीत, हा त्याहून मोठा. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर घाट उतरणारी माणसे अजूनही दिसतात. त्यांच्या शेजारी बसून शिकू नये, एवढेच म्हणतो.

सातारा, निवृत्त

हा अनुभव मुलाच्या गाडीचा आहे. त्याला एकोणिसावे लागले तेव्हा त्याच्या मनात ३९० सीसीची गाडी भरली होती, आणि ‘बाबा, लायसन्सवर सीसी लिहिलेली नसते’ हा त्याचा मुद्दा कायद्याने बिनचूक होता. आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर गिअरच्या मोटारसायकलचा परवाना मिळाला की शंभर सीसीची गाडी आणि हजार सीसीची गाडी त्याच परवान्यावर चालवता येते.

मी नकार दिला नाही. त्याला विम्याचा कागद वाचायला दिला. थर्ड पार्टी विम्याचे दर इंजिनाच्या आकारानुसार टप्प्यांत ठरतात: ७५ ते १५० सीसीचा एक टप्पा, १५० ते ३५० चा त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि ३५० च्या वरचा त्याहीपेक्षा दुप्पट. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. एकरकमी रस्ता करही त्यात मिळवला की एक्स-शोरूम किंमत आणि ऑन-रोड किंमत यांच्यातली दरी दिसू लागते. बेरीज त्याने स्वतः केली. त्यानंतर असे ठरले की पावसाळाभर त्याने काकांची जुनी १२५ सीसीची गाडी वाईच्या कॉलेजला न्यावी आणि दसऱ्याला पुन्हा बोलावे. दसऱ्यापर्यंत त्याची पसंती आपोआप दीडशेच्या आसपास उतरली होती. कारण विचारले तर म्हणाला, ‘एसटीच्या मागे तेवढीच पुरते.’

वयाविषयी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचा असतो.

कोल्हापूर, बांधकाम व्यवसाय

येथे सर्वांनी हलक्या गाडीची बाजू घेतलेली दिसते, म्हणून विरोधी मत नोंदवतो. माझी पहिलीच मोटारसायकल ३५० सीसीची होती आणि ती निवड मला आजही योग्य वाटते. माझी उंची सहा फूट आणि बांधा भरलेला. शंभर सीसीच्या गाडीवर माझे गुडघे हँडलला लागतात. रोजचे जाणे बेळगावच्या दिशेने महामार्गावरून, जिथे मालवाहू ट्रक शेजारून गेला की हलकी गाडी वाऱ्याने बाजूला ओढली जाते.

सीसी आणि ताकद यांची जी गल्लत केली जाते ती दूर व्हायला हवी. क्लासिकचे इंजिन ३४९ सीसीचे असून ते सुमारे २० अश्वशक्ती देते. केटीएमच्या ड्यूक २०० चे इंजिन तिच्याहून बरेच लहान, तरी ते सुमारे २५ देते. आणि ३७३ सीसीच्या जुन्या ३९० ड्यूकचे इंजिन तर ४३ च्या घरात जाते. म्हणजे केवळ २४ सीसीच्या फरकात ताकद दुपटीहून अधिक झाली. नवशिक्याच्या हातून अ‍ॅक्सिलरेटर चुकून जास्त पिळला गेला तर या तीन गाड्या तीन वेगळ्या रीतीने वागतील, आणि त्यांत सर्वांत शांत वागणारी गाडी सर्वांत वजनदार आहे. नाशिकच्या ताईंचा वजनाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तो त्यांच्या बोळासाठी खरा आहे. माझ्या दारात ट्रक वळतो.

फोंडा, गोवा

आमच्याकडे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींवरून प्रवासी नेणारे पायलट आहेत. दिवसभर मागे माणूस बसवून चढ-उताराच्या रस्त्यांवर जी गाडी ते वर्षानुवर्षे वापरतात, तिच्याविषयी त्यांनाच विचारावे. मी स्टँडवर जाऊन विचारले, आणि चेन किती दिवसांनी ताणावी लागते इथपासून सीट कोणती टोचते इथपर्यंत सर्व काही चहाच्या एका कपात समजले.

लेस्टर, ब्रिटन

साताऱ्याच्या काकांनी परवान्याचा विषय काढला म्हणून येथील पद्धत सांगतो. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी एक प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण केले की १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतची गाडी ‘एल’ची पाटी लावून चालवता येते; त्या काळात मागे कोणाला बसवता येत नाही आणि मोटरवेवर जाता येत नाही. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दोन वर्षांनी संपते. एकोणिसाव्या वर्षापासून परीक्षा देऊन ३५ किलोवॉटपर्यंतची गाडी मिळते, आणि थेट परीक्षा देऊन हवी ती गाडी चालवायला चोविसावे वर्ष उजाडावे लागते. कोल्हापूरकरांची शांत ३५० सुद्धा ११ किलोवॉटच्या पुढे जात असल्याने पहिल्या पायरीवर बसत नाही. मी पुण्यात वाढलो असल्यामुळे हा जाच वाटला होता, पण प्रशिक्षकाने रिकाम्या मैदानात क्लच अर्धा धरून पायी चालण्याच्या वेगाने आठाचा आकडा काढायला लावला, तेव्हा १२५ ची हलकी गाडी हाताशी असल्याचे बरे वाटले.

नागपूर, पहिली गाडी जुनी घेणारा

समृद्धी महामार्गावरून मुंबईला जाता येईल म्हणून मोठी गाडी घे, असे मित्र सांगत होते. त्या महामार्गावर मोटारसायकलला प्रवेशच नाही, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरही नाही. त्यामुळे तो विषय तेथेच मिटला आणि मी वापरलेली १२५ सीसीची गाडी शोधली. शिकताना गाडीला ओरखडे पडणारच, आणि ते आधीच पडलेले असले तर मन शांत राहते.

जुनी गाडी पाहायला सकाळी जावे, इंजिन थंड असताना ती स्वतः चालू करावी. मालकाने आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का, मागच्या चेनचक्राचे दात एका बाजूला वाकले आहेत का, आणि हँडल सरळ धरले असताना पुढचे चाकही सरळ राहते का, हे मिस्तरीशिवायही दिसते. चासी क्रमांक आरसीशी ताडून पाहावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर ना-हरकत दाखला आणि ३५ क्रमांकाचा फॉर्म मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नावावर करण्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म लागतात. थकलेली ई-चलने आधी तपासावीत. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही पाहावे, म्हणजे तो खर्च भाव करताना वजा करता येतो. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्यायचा असतो.

ठाणे, संयोजकांच्या वतीने पुरवणी

किमतीविषयी विचारणा झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला, त्यामुळे जुन्या चर्चांमधले किमतीचे आकडे आता धरू नयेत. हेल्मेटचा खर्च गाडीच्याच अंदाजपत्रकात लिहावा. गाडी विकताना उत्पादक कंपनीने सोबत हेल्मेट देणे केंद्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे, तेव्हा ते मागून घ्यावे. स्वतःसाठीचे मात्र आयएसआय चिन्ह पाहून, डोक्यावर घालून, पट्टा बांधून आणि मान हलवून निवडावे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतेच, म्हणून दुसऱ्याचे पैसेही त्याच दिवशी बाजूला काढावेत. पुढचे अनुभव लिहिताना आपली उंची आणि रोजचा रस्ता कृपया पहिल्या ओळीत द्यावा. वाचणाऱ्याला आपल्यासारखा माणूस शोधणे सोपे जाते.