प्रति: प्लेटलेट ४५ हजार? आधी स्मिअर बघा
वर कुत्र्याच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) प्लेटलेट ४५,००० दिसल्यावर ‘गोचीड ताप, डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक) सुरू करा’ असा सल्ला आलाय. जरा घाई होतेय. स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) कुणी पाहिली का? शीर सापडायला वेळ लागला, किंवा ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची) नळी लगेच हलक्या हाताने ८-१० वेळा उलटसुलट केली नाही, की प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र त्या मोजत नाही. गुठळ्या बहुधा स्मिअरच्या पिसासारख्या टोकाशी सापडतात. दिसल्या तर तो आकडा सोडून द्या, नवा नमुना घ्या. नसतील तर पेशींचा एकेरी थर असलेल्या जागी १०० च्या ऑइल भिंगाखाली १० फील्डमधल्या (भिंगातून एका वेळी दिसतो तो भाग म्हणजे फील्ड) प्लेटलेट मोजा आणि सरासरीला १५,००० ने गुणा. फील्डला ३ आल्या, तर ४५ हजार खरे. (कॅव्हेलिअर किंग चार्ल्स जातीत प्लेटलेट मुळातच मोठ्या नि कमी असतात, तिथे यंत्रावर विसंबूच नका.)

आकडा खरा निघाला तरी एर्लिकियाच (गोचीड तापाचा जिवाणू) असं नाही. रक्तातल्या प्रथिनांपैकी ग्लोब्युलिन वाढून अल्ब्युमिन उतरलंय का, ते पाहा; तसं असेल तर संशय बळावतो. अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग कधीतरी झाला, एवढंच. पीसीआर पॉझिटिव्ह आली तर तो चालू आहे असं धरता येतं, पण निगेटिव्हने सुटका होत नाही.

आणि रिपोर्ट माणसांच्या लॅबचा असेल तर नॉर्मल रेंजचा रकाना झाकूनच वाचा. कुत्र्याचा एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) ६५ अगदी ठीक असतो, तिथे तो ‘कमी’ म्हणून ठळक छापून येतो.